डिपॉझिट भरण्याआधी आरोग्यमित्र गाठा

वाचकांचे प्रश्न : ज्येष्ठ आणि दिव्यांग रुग्णांसाठी सरकारी योजना व विम्याचे नियम

ठाणे-नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत एक तक्रार सारखी दिसते: कार्ड होते, पण ऐन वेळी कामाला आले नाही. योजना कोणत्या आहेत हे बहुतेकांना ढोबळमानाने ठाऊक असते. घोडे अडते ते कुठला कागद कोणाला आणि केव्हा दाखवायचा इथे. म्हणून या वेळी उत्तरे त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. बाथरूममध्ये पडून खुब्याचे हाड मोडले. जवळच्या खासगी रुग्णालयात दाखल केले, ५०,००० रुपये डिपॉझिट भरले. चौथ्या दिवशी आठवले की त्यांचे सत्तरीपुढच्यांसाठीचे, आयुष्मान भारत योजनेतले ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढलेले आहे. आता सगळी बिले योजनेकडे पाठवली तर पैसे परत मिळतील का? (घणसोली)

नाही. आयुष्मान भारत आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या दोन्ही पूर्णपणे कॅशलेस आहेत. आधी खिशातून भरा आणि मागाहून बिले लावून पैसे घ्या, ही मेडिक्लेमची पद्धत इथे नाही. योजना पैसे देते ते थेट रुग्णालयाला, आणि तेही उपचाराआधी पूर्वमंजुरी घेतली असेल तरच.

वडील अजून दाखल असतील आणि शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर उशीर करू नका. आजच दोन गोष्टी विचारा. एक, हे रुग्णालय योजनेत आहे का? दोन, ते अस्थिरोग विभागासाठी आहे का? दुसरा प्रश्न लोक विसरतात. एखादे रुग्णालय डायलिसिस किंवा हृदयरोगासाठी योजनेत असते, पण हाडांसाठी नसते; बाहेर फलक मात्र एकच लागलेला असतो. १४५५५ (आयुष्मान) किंवा १५५३८८ (राज्याची योजना) या टोल-फ्री क्रमांकांवर रुग्णालय आणि विभाग दोन्ही सांगून खात्री करता येते.

रुग्णालय यादीत असेल तर बिलिंग काउंटरवर वाद घालत बसू नका, थेट आरोग्यमित्राचे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाचे, टेबल गाठा. बहुधा ते तळमजल्यावर, नोंदणीच्या आसपास असते. तिथे आधार आणि कार्ड दाखवून रुग्णाची ओळख पटवली जाते. मग रुग्णालय एक्स-रे, रक्ताचे अहवाल, डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णाचा फोटो ऑनलाइन चढवून पूर्वमंजुरी मागते. मंजुरी रखडते ती सहसा इथेच. एक्स-रेवर नाव किंवा तारीख दिसत नाही, किंवा चिठ्ठीवरचे निदान आणि मागितलेले पॅकेज (त्या उपचारासाठी योजनेने ठरवलेला एकत्रित खर्च) जुळत नाही, मग ‘क्वेरी’, म्हणजे खुलाशाची विचारणा, येते आणि रुग्णालयातला माणूस ती दुसऱ्या दिवशी उघडतो. नातेवाइकांनी सकाळ-संध्याकाळ एवढेच विचारावे: क्वेरी आली आहे का, आणि तिचे उत्तर गेले का? ‘मंजुरी आलेली नाही’ आणि ‘क्वेरीचे उत्तर आम्ही दिलेले नाही’ यांत फार फरक आहे. जीवावर बेतलेल्या प्रसंगी फोनवरून तातडीची मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोय आहे, कागद नंतर चढवले तरी चालतात.

मंजूर पॅकेजमध्ये शस्त्रक्रिया, भूल, जनरल वॉर्डमधला पलंग, औषधे, तपासण्या, हाडात बसवायचा इम्प्लांट हे सगळे आले. आयुष्मानच्या नियमांप्रमाणे दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांचा खर्चही त्यातच धरलेला आहे. ‘चांगल्या प्रतीचा इम्प्लांट हवा असेल तर वरचे पैसे द्या’ असे कोणी सांगितले तर लेखी मागा. सहसा लेखी मिळत नाही, आणि मागणी तिथेच विरते. पॅकेजमधल्या उपचारासाठी वेगळे पैसे घेतले तर त्याच टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा.

रुग्णालय योजनेत नसेल तर दोनच वाटा उरतात: तब्येत पाहून डॉक्टरांच्या सल्ल्याने योजनेतल्या रुग्णालयात हलवणे, किंवा आहे तिथला खर्च स्वतः करणे. दुसरा मेडिक्लेम असेल तर तो इथे वापरता येईल. वय वंदना कार्ड असले म्हणून खासगी विमा रद्द होत नाही, आणि खासगी विमा असला म्हणून कार्ड नाकारलेही जात नाही.

प्रश्न : मी ७१, पत्नी ६६. आमचे रेशनकार्ड पांढरे आहे. मुलगा म्हणतो, पांढऱ्या कार्डाला काही मिळत नाही. खरे काय? (नौपाडा, ठाणे)

मुलाचे म्हणणे काही वर्षांपूर्वी बरोबर होते. राज्याची योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली, तेव्हा पिवळी आणि केशरी कार्डेच तिच्यात होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने महात्मा फुले योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना, म्हणजे पांढऱ्या कार्डवाल्यांनाही, खुली झाली आणि कुटुंबाची वार्षिक मर्यादा दीड लाखावरून ५ लाखांवर गेली. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून.

त्यामुळे तुमच्या पत्नीला आज आधार राज्याच्या योजनेचा. त्यांच्यासाठी रेशनकार्ड आणि आधार लागेल. दोन्हींवरचे नाव जुळते का ते आत्ताच बघा. रेशनकार्डावर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, अशी उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. दुरुस्ती शिधावाटप कार्यालयात होते आणि तिला वेळ लागतो, रुग्णवाहिका दारात उभी असताना ते काम होत नाही.

तुमच्यासाठी वय वंदना कार्ड वेगळे. केंद्राने ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू केली. वय ७० पूर्ण असले की पुरे, उत्पन्नाची अट नाही, आणि वय आधारवरचेच धरले जाते. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते. कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर सत्तरीपुढच्यांना हे ५ लाख त्याशिवाय मिळतात. मात्र नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असले तर ५ लाख दोघांत मिळून आहेत, प्रत्येकी नव्हेत. पुढे तुमच्या पत्नी सत्तरीच्या झाल्या की हे ध्यानात ठेवा.

कार्ड काढायला सायबर कॅफेवाल्याला पैसे देण्याची गरज नाही. आयुष्मान अ‍ॅपवर घरबसल्या होते. आधारला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी, बोटांचे ठसे, डोळ्यांचे स्कॅन किंवा चेहरा यांपैकी एकाने ओळख पटते. वयामुळे ठसे झिजलेले असतात, यंत्र चार वेळा नाकारते आणि म्हातारी माणसे वैतागतात. अशा वेळी ओटीपी किंवा चेहऱ्याचा पर्याय निवडा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचेही खिडकीच्या उजेडात चेहऱ्यावरून काम होते. आधारला जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर तो बदलायला केंद्रावर जावे लागू शकते, म्हणून पाय चालते आहेत तोवर ते उरकून टाका.

ओपीडी, घरची रोजची बीपी-शुगरची औषधे आणि दाखल न होता केलेल्या तपासण्या या योजनांत बसत नाहीत. शिवाय काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. ते खासगीत करायचे म्हटले तर नकार येतो आणि लोकांना वाटते कार्ड खोटे. अशा वेळी कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचे महापालिकेचे रुग्णालय इथे विचारावे.

प्रश्न : मी केंद्र सरकारचा निवृत्त कर्मचारी, सीजीएचएस (केंद्र सरकारी आरोग्य योजना) आहे. वय ७३. वय वंदना कार्डही काढून ठेवू का, असू दे म्हणून? (बेलापूर)

‘असू दे म्हणून’ काढू नका. सीजीएचएस, माजी सैनिकांची ईसीएचएस आणि निमलष्करी दलांची आयुष्मान सीएपीएफ यांच्या लाभार्थ्यांना दोन्हींपैकी एकच निवडायचे आहे. नोंदणी करताना हा पर्याय विचारला जातो आणि घाईत बटण दाबले जाते. सीजीएचएसमध्ये तुम्हाला रोजची औषधे आणि ओपीडी मिळते, आयुष्मानमध्ये ती नाही. आमच्या मते या वयात हा सौदा तोट्याचा आहे.

ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा) लाभार्थी आणि खासगी मेडिक्लेमवाले यांना मात्र अशी निवड करावी लागत नाही.

प्रश्न : आईचा ५ लाखांचा ज्येष्ठ नागरिक मेडिक्लेम. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे बिल ३,४०,००० झाले, कंपनीने मंजूर केले २,१२,०००. ५ लाखांच्या आतले बिल असून सव्वा लाखावर पैसे का कापले? टीपीए (कंपनीसाठी दावे हाताळणारी संस्था) नुसते ‘पॉलिसीनुसार’ म्हणते. (वर्तकनगर, ठाणे)

पत्रासोबत तुम्ही पॉलिसी आणि बिलाची प्रत पाठवलीत म्हणून हिशोब मांडता येतो. असा हिशोब टीपीएने स्वतःहून द्यायला हवा, तो मागून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे.

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे रोज ५,००० रुपये. तुम्ही घेतलेली खोली ८,००० ची, पाच दिवस. लोकांना वाटते, वरचे तीन-तीन हजार आपण भरू, पंधरा हजारांत भागेल. तसे होत नाही. खोली महाग झाली की सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे दरही रुग्णालय त्या खोलीच्या श्रेणीप्रमाणे लावते, म्हणून कंपनी तेही त्याच प्रमाणात, म्हणजे आठातले पाच भाग एवढेच मान्य करते. याला प्रमाणशीर कपात म्हणतात.

तुमच्या बिलात खोलीभाडे ४०,०००, त्यातले २५,००० मान्य. डॉक्टर, थिएटर वगैरे १,६०,०००, त्यातले १,००,००० मान्य. औषधे, तपासण्या आणि गुडघ्याचा इम्प्लांट मिळून १,४०,००० आहेत, त्यांना ही कपात लावता येत नाही आणि इथे ती लावलेलीही नाही. बेरीज २,६५,०००. त्यावर पॉलिसीतला २० टक्के को-पे (विमाधारकाने स्वतः सोसायचा हिस्सा), म्हणजे ५३,००० वजा. उरले २,१२,०००. हिशोब बरोबर आहे, फक्त तो तुम्हाला दाखल होण्याआधी कोणी सांगितला नाही.

हिशोब नेहमी बरोबर असतोच असे नाही. आपल्या बिलात तीन जागा तपासा. औषधे, इम्प्लांट किंवा तपासण्यांवर प्रमाणशीर कपात लावली असेल तर ती नियमाविरुद्ध आहे. आयसीयूच्या खर्चावर ती लावता येत नाही. आणि जिथे खोलीप्रमाणे दर बदलतच नाहीत, अशा रुग्णालयाच्या बिलावरही लावता येत नाही. या तीनपैकी एखादी चूक सापडली तर कपातीचा तक्ता मागवून लेखी हरकत घ्या.

पुढच्या वेळी दाखल होताना रुग्णालयाच्या टीपीए डेस्कला एकच वाक्य सांगा: ‘पॉलिसीच्या मर्यादेतली खोली द्या’. ती रिकामी नसेल आणि रुग्णालयाने स्वतःहून वरची दिली असेल, तर तसे लेटरहेडवर लिहून घ्या. नंतर दाद मागताना हा कागद फार उपयोगी पडतो.

आणि वेळेबद्दल. विमा नियामक इर्डाईच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो, आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी रुग्णालयाची विनंती आल्यापासून तीन तासांत. त्याहून उशीर झाला आणि त्यापायी रुग्णालयाने जादा पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे आहेत. मात्र तास मोजायचे ते विनंती गेल्यापासून. डॉक्टरांनी सकाळी राउंडला ‘जा घरी’ म्हटले आणि रुग्णालयाने अंतिम बिल दुपारी तीनला पाठवले, तर ती दिरंगाई कंपनीची नव्हे. विनंती किती वाजता गेली ते टीपीए डेस्ककडून विचारून मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या, पॉलिसी सलग सहा वर्षे चालू. अँजिओप्लास्टीचा दावा कंपनीने फेटाळला, कारण ‘रक्तदाब आधीपासून होता, लपवला’. तो त्यांनी लपवला नव्हता, फॉर्म एजंटने भरला होता. (कळवा)

एजंटने भरला ही सबब फारशी टिकत नाही, कारण खाली सही सासूबाईंची असते. पण तुमची बाजू दुसऱ्या कारणाने भक्कम आहे. आरोग्य पॉलिसी सलग ६० महिने चालली की त्यानंतर ‘माहिती लपवली’ म्हणून दावा नाकारता येत नाही; अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पूर्वी ही मुदत ९६ महिन्यांची होती, २०२४ च्या नियमांनी ती ६० वर आली. सहा वर्षे म्हणजे ७२ महिने झाले. मात्र मध्ये विमा रक्कम वाढवली असेल तर वाढीव रकमेसाठी महिने त्या तारखेपासून नव्याने मोजले जातात.

आधी नकार लेखी मिळवा, त्यात पॉलिसीचे नेमके कलम असलेच पाहिजे. कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मान्यतेशिवाय दावा फेटाळता येत नाही, तेव्हा ती मान्यता घेतली का हेही पत्रात विचारा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि ६० महिन्यांचा मुद्दा पहिल्याच ओळीत लिहा. एजंट, शाखा, वागणूक हे सगळे त्या पत्रात नको. सोबत इर्डाईच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, किंवा १५५२५५ वर फोन करता येतो.

महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपाल. आता ठाण्यातच लोकपालांचे कार्यालय आहे आणि ठाणे, नवी मुंबई, रायगड, पालघर हा भाग त्याच्याकडे येतो. तक्रारीला फी नाही, वकील चालत नाही, लागतही नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. ५० लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालांना आहे. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. उलट मात्र चालत नाही: आधी ग्राहक आयोगात गेलात तर लोकपाल ते प्रकरण घेत नाहीत.

हा ‘आधीपासून होता’चा ठपका येतो कुठून, हेही सांगायला हवे. दाखल होताना निवासी डॉक्टर भराभर विचारतो, बीपी आहे का, किती वर्षे? सोबतचा नातेवाईक अंदाजाने म्हणतो, असेल आठ-दहा वर्षे. केसपेपरवर ‘एचटीएन (उच्च रक्तदाब) १० वर्षे’ अशी नोंद पडते आणि पुढे कंपनी तीच पुरावा म्हणून दाखवते. खोटे सांगू नका, पण अंदाजही सांगू नका. पहिले निदान केव्हा झाले ते जुन्या चिठ्ठीवरून बघून सांगा. चुकीची नोंद झालीच, तर रुग्ण दाखल असतानाच उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून सहीशिक्क्याने दुरुस्ती करून घ्या. डिस्चार्जनंतर केलेल्या दुरुस्तीकडे कंपनी संशयाने बघते.

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम). दोन कंपन्यांनी विमा नाकारला. दिव्यांगांसाठी कायदा आहे ना? (ऐरोली)

आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, लागू १९ एप्रिल २०१७ पासून. त्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना ईएसआय किंवा दुसरा सरकारी विमा नाही अशा दिव्यांगांसाठी सर्वसमावेशक विमा योजनेचा उल्लेख आहे. पण त्याच कलमात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी मेख मारून ठेवलेली आहे, आणि सरकारे त्या मेखेलाच टांगलेली राहतात. त्यामुळे कलम दाखवून कोणी तुम्हाला कार्ड देणार नाही. हाताशी जे आहे ते वापरा.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना आहे. वर्षाला १ लाखाचे संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, जुना-नवा आजार असा भेद नाही. महत्त्वाचे म्हणजे ओपीडी आणि नियमित थेरपीचा खर्चही यात बसतो, जो बाजारातल्या मेडिक्लेममध्ये जवळपास मिळत नाही. नोंदणी शुल्क दारिद्र्यरेषेखालच्यांना २५० आणि इतरांना ५०० रुपये. अर्ज न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत जातो. लाख रुपये एकगठ्ठा वापरता येत नाहीत. थेरपी, ओपीडी, प्रवास अशा प्रत्येकाला स्वतंत्र मर्यादा आहे, म्हणून थेरपीची पावती वेगळी, औषधांची वेगळी घ्या. एकाच पावतीवर ‘उपचार’ असे मोघम लिहिलेले असले की दावा परत येतो. वर्ष एप्रिल ते मार्च असे चालते, तेव्हा नूतनीकरण मार्चच्या आधी करा.

दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) हे सगळ्याचे मूळ. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. कार्डाचा रंग टक्क्यांवर ठरतो: ४० टक्क्यांच्या खाली पांढरे, ४० ते ८० च्या आत पिवळे, ८० आणि त्यावर निळे. बहुतेक लाभ ४० पासून पुढे सुरू होतात. तपासणीला जाताना बुद्ध्यांक किंवा स्वमग्नतेच्या चाचणीचा अहवाल, शाळेचे अहवाल, जुन्या फायली सोबत न्या. मंडळापुढे मूल दहा मिनिटे बसते, आणि त्या दहा मिनिटांत ते कसे वागेल याचा नेम नसतो.

मुलगा अठराच्या पुढे आहे, म्हणजे कायद्याने तुम्ही आता त्याचे आपोआप पालक नाही. बँक, विमा, संमतिपत्र या ठिकाणी हा प्रश्न कधी ना कधी येतोच. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालकत्व देते. अर्ज करून टाका.

आणि हो, कुटुंबाच्या रेशनकार्डावर मुलाचे नाव असेल तर महात्मा फुले योजनाही त्याला लागू आहे. बरेच पालक हे धरतच नाहीत.

प्रश्न : मला पोलिओमुळे ६५ टक्के अपंगत्व आहे, निरामय मला लागू नाही. खासगी कंपनी सरळ नकार देऊ शकते का? (नेरूळ)

आता सरसकट नकार देता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका दिव्यांग अर्जदाराच्या प्रकरणात इर्डाईला या विषयात लक्ष घालायला लावले. त्यानंतर २७ फेब्रुवारी २०२३ च्या परिपत्रकाने प्रत्येक सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपनीला दिव्यांग, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी निदान एक पॉलिसी ठेवणे भाग पडले. कंपनीला ईमेलने विचारा: ‘या परिपत्रकाप्रमाणे तुमची पॉलिसी कोणती?’ फोनवर विचारलेत तर विक्री विभागातला मुलगा बहुधा ‘अशी पॉलिसी नाही’ म्हणेल. त्याला त्यावर कमिशन सुटत नसेल. घेण्याआधी को-पे आणि प्रतीक्षा काळ वाचा. या पॉलिसींत दोन्ही जड असू शकतात. जुन्या आजारांसाठी मात्र आता ३६ महिन्यांहून अधिक थांबवता येत नाही.

मानसिक आजारांबाबत विचारणारी पत्रेही आहेत, त्यांना इथेच उत्तर. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या कलम २१(४) प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पायावर संरक्षण द्यायचे असते. पॉलिसीत तसे वगळलेले असेल तर ते या कलमाविरुद्ध आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला घरी सांभाळायला ठेवलेल्या बाईचा पगार मात्र कोणत्याही नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही, कारण ती सेवा आहे, उपचार नव्हे.

प्रश्न : टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कंपनीतून निवृत्त झालो. नोकरीत ईएसआय होते. आता काहीच नाही का? (कोपरखैरणे)

आहे, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या शेकडो निवृत्तांना ते ठाऊक नाही. निवृत्तीपूर्वी किमान ५ वर्षे ईएसआयखाली नोकरी झाली असेल, तर वर्षाला १२० रुपये भरून तुम्हाला आणि पत्नीला वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. निवृत्तीचा दाखला आणि जुना विमा क्रमांक घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा. कंपनी बंद पडली असेल तर जुन्या पगारचिठ्ठ्या, ईएसआयचे कार्ड, जे हाती आहे ते न्या. दरवर्षी पैसे भरायला विसरू नका.

प्रश्न : मोठ्या धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठी खाटा असतात म्हणतात, पण काउंटरवर कोणी दाद देत नाही. (घोडबंदर रोड)

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली, नोंदणीकृत धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दराने द्यायच्या आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असले तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असले तर दुर्बल. उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला किंवा पिवळे कार्ड दाखवावे लागते. काउंटरवर विचारू नका, रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. खाट नाही म्हटले तर तेही पोचेवर लिहून मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करा. योजनेचे ५ लाख संपल्यावर, किंवा आजार पॅकेजच्या यादीत नसल्यावर, ही वाट कामाची.

प्रश्न : प्रीमियमवरचा जीएसटी गेला तरी वडिलांचा हप्ता वाढूनच आला. असे कसे? (वाशी)

वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. तुमचा हप्ता मुळातच वाढवलेला असणार. वडील साठीपुढचे असतील तर कंपनीला इर्डाईशी आधी सल्लामसलत केल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ करता येत नाही. हा नियम ३० जानेवारी २०२५ चा. तुलना करताना दोन्ही वर्षांचा कर वगळून मूळ हप्ता बघा. नाहीतर करातली सूट वाढीला झाकून टाकते आणि १० टक्क्यांची रेघ ओलांडलेली कळत नाही.

प्रश्न : श्रवणयंत्र आणि कमोडची खुर्ची विम्यात मिळेल का? (मुंब्रा)

मेडिक्लेममध्ये सहसा नाही. वय ६५ च्या पुढे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, कंबरेचा पट्टा हे सगळे त्यात आहे. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. या रकमेत चांगले श्रवणयंत्र येत नाही, कमोडची खुर्ची मात्र येते. तेव्हा यातून खुर्ची घ्या, पक्की पावती जपून ठेवा, ती सादर करावी लागते. श्रवणयंत्रासाठी ऐकण्याच्या दिव्यांगत्वाचा दाखला काढा आणि दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेचे शिबिर केव्हा आहे याची जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात चौकशी करा.